डाव्या नळीतला उजेड

१

विश्वास कुणावर ठेवावा, तुम्हीच सांगा बरं. माणसावर, कागदावर, का लोखंडावर? घाई नाही. चहा घ्या, मग सांगा. साताऱ्याचे केरबाशेठ पस्तीस वर्षं एकच उत्तर देत आले: कागदावर.

केरबाशेठ म्हणजे पोवई नाक्याच्या उतारावर, औषधाच्या दुकानाच्या माडीवर ज्यांचं बंदुकांचं दुकान होतं ते. शाळा सातवीपर्यंत. रहिमतपुरात सायकली दुरुस्त करत असताना एका निवृत्त सुभेदाराची अडकलेली बंदूक त्यांनी सायकलच्या पान्यानं सोडवली, आणि तिथून त्यांचा हात या कामावर बसला. पुढं परवाना काढला, दुकान टाकलं. स्वतः बार काढायची हौस मात्र कधीच नव्हती.

गिऱ्हाईक आलं की आधी वेताच्या खुर्चीत बसवायचं, मग गोष्ट सांगायची, मग माल दाखवायचा. ती खुर्ची बसणाऱ्याच्या वजनाप्रमाणं करकरायची. शेठ मान वर न करता सांगायचे, कोण बसलं ते. फलटणच्या एका बागायतदाराची गोष्ट त्यांची ठरलेली. "आला, बसला, आन् पयला सवाल काय, तर नक्षी किती इंच हाय? म्हटलं, साहेब, बार किती लांब जातो ते तरी इचारा. तर म्हणतो, बार कुणाला काढायचाय, सोफ्याच्या वर लावायचीय!" त्यावर दुसरी गोष्ट आटपाडीच्या डाळिंबवाल्याची. त्याच्या बंदुकीचा दस्ता तडकला, तर त्यानं बैलाच्या मानेच्या जुन्या सापतीचं चामडं ओलं करून वरून आवळून शिवलं. शेठ म्हणाले, नवा दस्ता बसवून देतो. तो म्हणाला, "नगं शेठ. खांद्याला वळख झालीया."

बंदुका दोनच तऱ्हेच्या, शेठ सांगायचे. एक मिरवायची, एक राबायची. राबणारी रोज उघडली जाते, पुसली जाते, तिच्या पोटात काय आहे ते धन्याला पाठ असतं. मिरवणारीला सगळे बाहेरून बघतात. आतून कोण बघतं?

हे ते हसत सांगायचे. यंदाच्या दिवाळीपर्यंत.

२

दिवाळीच्या तोंडावर आचारसंहिता लागली. निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका जमा कराव्या लागतात, पोलीस ठाण्यात नाहीतर परवाना असलेल्या दुकानात. शेठच्या लोखंडी कपाटात एकतीस बंदुका आल्या. तीस साध्या, डुकरांपायी घेतलेल्या शेतकऱ्यांच्या आणि निवृत्त फौजींच्या. एकतिसावी लालासाहेबांची.

लालासाहेब रहिमतपूरकडचे, ऐंशी एकर ऊस. त्यांची बंदूक मखमलीच्या पेटीत आली. दुनळी, बारा बोअर. घोड्याच्या वर दोन्ही अंगांना चांदीच्या पट्ट्या, त्यांवर कोरीव काम. उजव्या पट्टीवर उडते तित्तर. डाव्या पट्टीवर उंच गवत, नुसतं गवत. त्यात पक्षी नाही, कुत्रा नाही. कारागिराचं काम अर्ध्यात राहिलं असावं असं वाटायचं.

रोज सकाळी अकराला शेठ कपाट उघडायचे. एकेक बंदूक बिजागरीत मोडायची, नळीचं मागचं तोंड डोळ्याला लावायचं आणि पुढचं खिडकीकडं धरायचं. खिडकीच्या काचेला त्यांनी बटर पेपर चिकटवला होता, उजेड सगळीकडून सारखा यावा म्हणून. नळी साफ असली की पांढरं, गरगरीत वर्तुळ दिसतं. मग रजिस्टरात तारीख, बंदुकीचा नंबर आणि शेरा: 'नळी साफ'. रोज बघा असं सरकार म्हणत नाही. ही शेठची आपली शिस्त.

तिसऱ्या दिवशी लालासाहेबांच्या बंदुकीच्या डाव्या नळीत उजेड किंचित कमी वाटला. वर्तुळाच्या खालच्या कडेला नखाएवढी सावली. उजव्या नळीत काही नाही. शेठनी गजाला चिंधी गुंडाळली आणि नळीतून आरपार काढली. चिंधी पांढरीच. पुन्हा डोळा लावला. सावली तिथंच.

चिंधी साफ, म्हणजे नळी साफ. त्यांनी शेरा लिहिला: 'दोन्ही नळ्या साफ'.

सहाव्या दिवशी त्या सावलीत उभ्या रेघा दिसल्या. बारीक, दाट, हिरवट. हलत होत्या. आपला हात कापत असेल म्हणून शेठनी बंदूक बाकाच्या शिकंजात आवळली आणि हात मागं घेऊन बघितलं. रेघा हलतच होत्या, एका बाजूनं वारा आल्यासारख्या. या खेपेला चिंधी ओली निघाली. तेलानं नव्हे, पाण्यानं. शेठनी ती नाकाशी नेली. पहाटेच्या उसाच्या पाल्याचा वास.

भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. मांडी घालून फार वेळ बसलं की पाय बधिर होतो, आपलाच असून आपला वाटत नाही, तसं त्यांना छातीत व्हायचं. सहा वर्षं होत होतं. त्यांनी पेन उचललं. 'दोन्ही नळ्या साफ'.

३

सहा वर्षांपूर्वीचं सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

शेठची एक रीत होती. खंडेनवमीला दुकानातली हत्यारं पुजायची, रजिस्टरला हळदकुंकू लावायचं, आणि त्या दिवसाची शेवटची नोंद झाली की खाली एक ओळ कोरी सोडायची. देवाची ओळ. तपासणीला आलेल्या साहेबानं एकदा हटकलं, की रजिस्टरात कोरी जागा चालत नाही. शेठनी पेढा पुढं केला. "साहेब, पानभर आमची, एक त्येची. तेवढी तरी असू द्या." साहेब हसले आणि तेव्हापासून कुणी विचारलं नाही.

त्या वर्षी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे लालासाहेबांच्या उसात डुकरं शिरली. त्यांचा गडी नाथाजी पत्र्याचा डबा वाजवत उसात गेला, डुकरं हुसकायला. बांधावर धोंडिराम होता. आटपाडीचा, फौजेतून निवृत्त होऊन शेतावर राखणीला लागलेला, त्याच्या हातात साधी एकनळी. आणि बंगल्यातून लालासाहेब आले, जिच्यावरचा दसऱ्याचा हार अजून वाळला नव्हता ती भिंतीवरची बंदूक घेऊन. हौस म्हणून. दोन बार झाले. डबा वाजायचा थांबला.

नाथाजीचा जीव घेणारे छर्रे कुणाच्या बंदुकीचे, ते बोलत नाहीत. दोन्ही बंदुका बारा बोअरच्या. त्याच दिवशी सकाळी दहा वाजता लालासाहेब शेठच्या दुकानात, वेताच्या खुर्चीत बसले होते. पेटी मांडीवर.

"शेठ, नवमीच्या पानावर थोडी जागा असेल ना?"

"ती देवाची वळ हाय, लालासाहेब."

"मग देवानंच ठेवली म्हणायची."

धमकी नव्हती, पाकीट नव्हतं. पंधरा वर्षांची ओळख होती आणि समोर मोठा माणूस घामानं भिजून बसला होता. शेठनी लिहिलं: दुनळी एक, पॉलिशसाठी जमा, दोन्ही नळ्या साफ. तारीख नवमीची. जमा करणाऱ्याच्या सहीच्या रकान्यात लालासाहेबांनी वळणदार सही केली. ते गेल्यावर शेठनी सवयीनं बंदूक मोडली आणि डाव्या नळीतून चिंधी काढली. काळी कुळकुळीत निघाली. ती त्यांनी जाळली.

त्या एका ओळीनं लालासाहेबांची बंदूक त्या पहाटे शेतावर नव्हतीच असं झालं. उरली धोंडिरामची. "मी आभाळात बार काढला," असं तो ओरडून सांगत राहिला. जामीन मिळाला, पण परवाना गेला, नोकरी गेली, खटला रेंगाळला. आता निकाल जवळ आला होता आणि शेठला समन्स निघालं होतं. मूळ रजिस्टर घेऊन साक्षीला या. रजिस्टर आहे तसं बोललं तर धोंडिराम तुरुंगात. खरं बोललं तर शेठचा परवाना जाणार, दुकान जाणार, कदाचित शेठही.

४

नवव्या दिवशी रेघांच्या मधोमध वाट पडली होती. वाटेच्या टोकाला तिळाएवढं काहीतरी काळं.

शेठ बाजारात बसणारा माणूस. आधी सोपी कारणं शोधणार. काचेवरचा बटर पेपर बदलला. उरलेल्या तीस बंदुका त्याच खिडकीला, त्याच डोळ्यानं पुन्हा बघितल्या. तीस पांढरी वर्तुळं, घासून पालथ्या घातलेल्या ताटांसारखी. मग डोळ्यांच्या डॉक्टरकडं गेले. गेल्या उन्हाळ्यात मोतीबिंदू काढला होता. डॉक्टर म्हणाले, "सुईत दोरा ओवाल, शेठ."

अकराव्या दिवशी तिळाचा हरभरा झाला होता, आणि तो माणूस होता. वाकलेला, पाठमोरा. शेठ बराच वेळ बघत राहिले. खाली रस्त्यावर कुणी तरी डबा वाजवत होतं. भंगारवाला असेल.

राहीबाई, त्यांची बायको, जेवणाचा डबा घेऊन जिना चढून आली.

"अगं, जरा ह्यातनं बघ."

"मी? त्या मेल्या बंदुकीला डोळा लावू?"

"मोडून ठिवलीया. रिकामी हाय. बघ म्हणतो तर."

राहीबाईंनी पदर सावरला, चष्मा कपाळावर सरकवला आणि वाकल्या. जरा जास्तच वेळ वाकून राहिल्या. मग सरळ झाल्या.

"उजीड हाय की. भाकरीगत गोल." डबा ठेवून त्या खाली गेल्या. जिन्यावर एरवी त्या दोनदा थांबत. त्या दिवशी थांबल्या नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून जेवण रिक्षावाल्याच्या हातून यायला लागलं. शेठनी रात्री घरी विचारलं, तर म्हणाल्या, गुडघा दुखतोय. शेठनी मान डोलावली. मग स्वयंपाकघरातून, भांड्यांच्या आवाजात, त्यांचा प्रश्न आला:

"ती बंदूक कवा न्हेणार हायती?"

५

चौदाव्या दिवशी लालासाहेब आले. खुर्ची करकरली. सहा वर्षांत ते अंगानं वाढले होते. तब्येत कशी, राहीवहिनी कशा, यंदा उसाला तुरा लवकर आला, असं सगळं झालं.

"साक्ष पुढच्या आठवड्यात ना, शेठ? काही अडचण?"

"अडचन कसली. जे लिवलंय ते वाचून दावायचं."

"झालं तर मग." ते उठायला लागले.

"लालासाहेब, आलाय तर बंदूक बघून जावा. आतनं."

"आतून काय बघायचंय?" लालासाहेब हसले. "बाहेरून बघायला तर घेतली."

"मोडून देतो. नुसता डोळा लावा. डावी नळी."

हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, पण लालासाहेबांचे हात खुर्चीच्या दांड्यांवरून उठले नाहीत. त्यांनी बंदुकीकडं बघितलं नाही, खिडकीकडंही नाही. "डबा वाजतोय का कुठं?" त्यांनी विचारलं.

"भंगारवाला असंल."

लालासाहेब जिना उतरून गेले. शेठनी नळीला डोळा लावला. माणूस आता बोटाच्या पेराएवढा झाला होता. अजून पाठमोराच. आणि तेव्हा शेठला ती गोष्ट कळली, जी हिशेबाच्या माणसाला आधीच कळायला हवी होती. पाठमोरा माणूस पुढं जातो, म्हणजे आपल्याला लहान दिसत जातो. हा दिवसागणिक मोठा होत होता. तो तोंड न वळवता, उसातून उलट्या पावलांनी येत होता.

'दोन्ही नळ्या साफ'. अक्षर नेहमीसारखं, गोल, सुबक.

६

अठराव्या दिवशी साडेअकराला खुर्ची हलकी करकरली. शेठनी न बघताच ओळखलं, हे गिऱ्हाईक नव्हे. बाईमाणूस, प्रवास करून आलेलं.

"काका, मी दीक्षा. धोंडिरामची मुलगी. सांगलीला दवाखान्यात नर्स हाय. सकाळच्या गाडीनं आले."

शेठनी पाण्याचा तांब्या पुढं केला. तिनं घेतला नाही.

"मी भांडायला आले न्हाई. बाबांनी धाडलंय. समन्स आमच्या वकिलानंच काढायला लावलंय, ते तुमाला म्हाईत असावं म्हणून."

"तुमच्या वकिलानं?"

"बाबा सहा वर्षं एकच म्हणत्यात. पोलिसांनी नक्कल चुकीची घेतली असंल. मूळ वही मागवा. केरबाशेठ कागदावर खोटं लिवायचे न्हाईत." ती थांबली. "आई म्हणती, येडा हाय तुझा बा. तरी त्यो म्हणतो, मान्साचं सोड, त्या वहीवर माझा इश्वास हाय."

शेठच्या आत काही हललंच नाही. त्यांनी उठून शिकंजातली बंदूक सैल केली, मोडली, नळ्या वेगळ्या काढल्या आणि तिच्याकडं धरल्या. असं का केलं, ते त्यांना पुढंही सांगता आलं नाही. कदाचित तिनं 'उजेड आहे' म्हणावं, म्हणजे सुटलो, असं वाटलं असेल.

"पोरी, डावीतनं बघ. काय दिसतंय?"

तिला वाटलं, म्हातारा बोलणं टाळतोय. तरी तिनं एक डोळा मिटून बघितलं. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक तेवढी चालू होती. आणि डबा. आज तो रस्त्यावरून येत नव्हता. पलीकडच्या खोलीतून यावा तेवढा जवळून येत होता, आणि पलीकडं खोली नव्हती. खिडकी होती आणि बाहेर पंधरा फूट खाली रस्ता.

"ऊस हाय," दीक्षा सपाट आवाजात म्हणाली. दवाखान्यात ताप मोजून आकडा सांगतात तशी. "मानूस हाय. पाठमोरा. सदरा मागनं भिजलाय. हातात डबा."

"आनि?"

"थांबला." तिनं डोळा अजून घट्ट लावला. "मान वळवाय लागलाय."

तिनं नळ्या डोळ्यापासून काढल्या आणि बाकावर हळूच ठेवल्या, झोपलेल्या पोराला ठेवावं तशा. तिनं विचारलं,

"तुमी रोज बघताय व्हय हे?"

"रोज."

"आन् वहीत काय लिवताय?"

एवढंच विचारलं तिनं. शेठनी रजिस्टर तिच्याकडं फिरवलं. तिनं बोट ठेवून ओळी वाचल्या. सतरा दिवस, त्या बंदुकीच्या सतरा ओळी. दोन्ही नळ्या साफ. दोन्ही नळ्या साफ. दोन्ही नळ्या साफ. सतराव्या ओळीवर बोट थांबलं, आणि तिनं वर बघितलं. तिच्या डोळ्यांत राग असता तर शेठला सोपं गेलं असतं.

७

अठराव्या दिवसाचा शेरा केरबाशेठनी असा लिहिला: 'उजवी नळी साफ. डाव्या नळीत नाथाजी'.

खाली नवी नोंद घातली. ही बंदूक सहा वर्षांमागच्या खंडेनवमीला दुकानात नव्हती. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला आली. डावी नळी बारानं काळी होती. देवाच्या ओळीत मी खोटं लिहिलं. त्यांनी सही केली. दीक्षानं नवमीच्या आणि आजच्या, दोन्ही पानांचे मोबाइलवर फोटो काढले आणि निघाली. दारात थांबून म्हणाली, "बाबांना सांगते, वही खरी निघाली." मग तिची पावलं जिन्यावरून उतरत गेली.

शेठनी नळ्या उचलल्या आणि खिडकीकडं धरल्या. डावीत पांढरं, गरगरीत, भरलेलं वर्तुळ. ऊस नाही, वाट नाही, माणूस नाही. त्यांनी गजाची चिंधी काढली. कोरडी, पांढरी. गेला म्हणायचा, त्यांना वाटलं. उसात परत गेला. आणि मग जन्मभर हिशेब केलेल्या डोक्यानं आपोआप हिशेब केला. जो अठरा दिवस मोठा होत आला, तो परत जायचा तर आधी लहान होत गेला असता. नळीला दोनच तोंडं. एक खिडकीकडं होतं. दुसऱ्याला त्यांचा डोळा होता.

डबा वाजायचा थांबला.

समोरची वेताची खुर्ची करकरली. हलकं माणूस, कष्टाचं. पाल्याचा वास आला आणि फरशीवर टप् टप् असं पाणी गळायला लागलं. शेठनी मान वर केली नाही. पळावं, ओरडावं, राहीबाईला फोन करावा, असलं काही मनात आलंच नाही. पस्तीस वर्षं समोर कुणी बसलं की जे केलं, तेच त्यांनी केलं. रजिस्टर खुर्चीच्या दिशेनं फिरवलं, सहीच्या कोऱ्या रकान्यावर बोट ठेवलं आणि नजर वहीच्या कडेवर रोखून म्हणाले,

"हितं."

वहीचं पान थोडं दबलं. मग सुटलं.

ते रजिस्टर सध्या कोर्टात आहे. धोंडिराम सुटला. लालासाहेबांवर नवा खटला उभा राहिला आणि ती चांदीची बंदूक सरकारजमा झाली. शेठच्या नोंदीपुढं सहीच्या रकान्यात एक अंगठा आहे. शाईचा नाही, चिखलाचा. कोर्टाच्या कारकुनानं डाग समजून झटकून बघितला, गेला नाही. दुकान बंद झालं. केरबाशेठ घरी असतात, आल्यागेल्याला चहा देतात, फलटणची गोष्ट सांगतात. त्या दिवशी भीती वाटली का, असं विचारलं तर म्हणतात, "न्हाई. अजून वाटत न्हाई, तेच लय वंगाळ." बसायला म्हणून ती वेताची खुर्ची पुढं करतात, पण आधी तिच्यावरून एकदा हात फिरवून बघतात, कोरडी आहे का.

तर मंडळी, एवढी एक विनंती. तुमचीही कसली तरी वही असेलच, दुधाची असो, हजेरीची असो, औषधाची असो. हिशेब खरा लिहा. आणि देवासाठी ओळ सोडली असेल, तर समोर कुणीही येऊन बसलं, कितीही ओळखीचं असलं, तरी ती कोरीच राहू द्या.